नोटीस कोणाच्या दारावर?

वर्णभेदावरचा चित्रपट सुचवा, असे कुठल्याही गटात म्हटले की हमखास पुढे येणारे एक नाव म्हणजे 'डिस्ट्रिक्ट ९'. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेल्या नील ब्लोमकँप यांनी तो २००९ मध्ये केला. त्याला ऑस्करची चार नामांकने मिळाली, जगभर त्याचे कौतुक झाले. मीही तो दोनतीन वेळा पाहिला आहे, शिबिरात त्यावर चर्चा घेतली आहे. म्हणूनच माझे म्हणणे स्पष्ट मांडते. हा चित्रपट वर्णभेदाचे जे दाखवतो ते बरेचसे खरे आहे. पण ज्या बायकांनी वर्णभेदाच्या बुलडोझरसमोर दार अडवून धरले, त्यांना त्याने गोष्टीतून उठवून लावले आहे. आणि तो अनुबोधपटाचा वेष घालून येतो, म्हणून ही हकालपट्टी आपल्या डोळ्यांवर येत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. १९८२ मध्ये एक प्रचंड यान जोहान्सबर्गच्या आकाशात येऊन थांबते. आत उपाशी, आजारी परग्रहवासी. त्यांना खाली उतरवून एका छावणीत ठेवतात. छावणीची झोपडपट्टी होते, भोवती कुंपण येते. शहरातले लोक त्यांना 'प्रॉन' म्हणजे कोळंबी म्हणून हिणवतात. दुकानांवर, बाकांवर त्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागतात. अखेर एका खासगी कंपनीला त्यांना तिथून हलवून शहरापासून दूरच्या छावणीत नेण्याचे कंत्राट मिळते. विकस नावाचा गोरा कारकून हातात कागद घेऊन दारोदार फिरतो आणि नोटिशीवर सह्या मागतो. हे सारे आपण बातम्या, मुलाखती, पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांची दृश्ये अशा रूपात बघतो. जणू एखादी वृत्तवाहिनी झालेल्या घटनेचा आढावा घेते आहे.

हे नाव कुठून आले ते आपण माहीत करून घ्यायला हवे. केपटाऊनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. मिश्रवर्णीय, काळे, ज्यू, भारतीय असे नाना तऱ्हेचे लोक तिथे पिढ्यान्पिढ्या राहत होते. केपटाऊनला पोटासाठी गेलेल्या भारतीयांत रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमानही होते, तेव्हा ही कहाणी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचे हे सरकारने ठरवायला घेतले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर झाले. पुढच्या पंधरासोळा वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसे तिथून उठवली गेली. घरांवर बुलडोझर फिरले. लोकांना नेऊन टाकले केप फ्लॅट्सच्या वाळूत, कामापासून, शेजारापासून, बाजारापासून मैलोन् मैल दूर.

एक गोष्ट चित्रपटाने अचूक पकडली आहे, ती नाकारणार नाही. हिंसा नेहमी बंदूक घेऊन येत नाही, ती फॉर्म घेऊन येते. एक परग्रहवासी चिडून विकसच्या हातातल्या कागदाला फटका मारतो. कागदावर त्याचा ओरखडा उठतो आणि विकस खुशीत म्हणतो, झाली सही. संमती कशी तयार केली जाते हे ज्या बाईने कोऱ्या कागदावर अंगठा दिला आहे, तिला वेगळे समजावायला नको. दुसरा एकजण सही करत नाही तेव्हा विकस त्याला धमकी देतो की तुझे मूल काढून नेऊ. ही धमकीही आपल्या ओळखीची.

पण मग माझा प्रश्न असा, की ही धमकी खऱ्या दक्षिण आफ्रिकेत कोणाला मिळत होती?

तिथल्या कायद्यात काळ्या माणसाला ७२ तासांपेक्षा जास्त काळ शहरात राहायला परवानगी लागे. पुरुषाचे हात खाणीत, कारखान्यात हवे होते, म्हणून त्याला पास मिळे. बाईला शहरात राहण्याचा हक्क बहुधा कोणाची तरी बायको, कोणाची तरी मुलगी म्हणूनच मिळे. नवरा मेला, टाकून गेला, की तिचा पायाखालचा आधार गेला. गोऱ्यांच्या घरात त्यांची मुले सांभाळायची, मागच्या खोलीत झोपायचे आणि स्वतःची मुले दूर गावी आजीपाशी ठेवायची, ही तिथल्या लाखो मोलकरणींची जिंदगी होती. वर्णभेद म्हणजे नुसत्या वेगळ्या बसगाड्या आणि वेगळी बाके नव्हेत. बाईच्या श्रमाला दार उघडे आणि तिच्या कुटुंबाला दार बंद, अशी ती व्यवस्था होती.

आणि ती बाई गप्प बसली नव्हती. १९१३ मध्येच ब्लोएमफॉन्टेनच्या बायका पासविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियाला सरकारच्या दारात गेल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा, सोफिया विल्यम्स या पुढे होत्या. काळी, गोरी, भारतीय वंशाची, मिश्रवर्णीय अशा चौघी चार समाजांतल्या. सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या कचेरीच्या दाराशी ठेवले आणि अर्धा तास सगळ्या जणी निःशब्द उभ्या राहिल्या. १९७५ पासून केपटाऊनजवळ क्रॉसरोड्स ही वस्ती उभी राहिली. कायद्याने ज्या बायकांना शहरात राहायचीच मनाई होती त्या तिथे पत्रे, फळ्या, प्लॅस्टिक जमवून नवऱ्या-मुलांसह घरे करून राहिल्या. घरे पाडायला माणसे आली तेव्हा तिथल्या बायकांची समिती पुढे झाली. सभा घेतल्या, अधिकाऱ्यांना भेटल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या, आपल्या हकिगतीवर स्वतः नाटकही केले.

आता पुन्हा चित्रपट आठवा. वस्ती आहे, पत्रे आहेत, नोटीस आहे, पोलीस आहेत. समिती कुठे आहे? सभा कुठे आहे? वस्तीत लाखो परग्रहवासी आहेत, पण वस्तीसाठी एकत्र जमून काही ठरवणारे दिसत नाहीत. शहाणा, कर्तबगार असा एकच, तो बाप आहे आणि त्याला आहे एक मुलगा. आई नाही. बाई दिसते ती कुठे? गोरी असेल तर अभ्यासक म्हणून, कारकुनाची आई म्हणून, त्याची रडणारी बायको म्हणून. काळी बाई दिसते ती परग्रहवासीयांना शरीर विकणारी म्हणून. कथेच्या मध्यभागी ती कुठेच नाही.

सगळ्यात जास्त मला छळते ते एक दृश्य. झोपडीत परग्रहवासीयांची अंडी सापडतात. विकस त्यांना अन्न पुरवणारी नळी उपटतो, सोबतच्याला आठवण म्हणून ती देऊ करतो आणि गर्भपाताचा विनोद करतो. मग झोपडी पेटवून देतात. आत अंडी फुटतात, तो आवाज लाह्या फुटल्यासारखा आहे, असे तो कॅमेऱ्याकडे बघून मजेत सांगतो. दिग्दर्शकाला या माणसाची किळस यावी असेच वाटते, हे मला कळते. पण ही कल्पना नव्हती, मैत्रिणींनो. काळ्यांची संख्या वाढेल ही धास्ती त्या राजवटीचा कणा होती. १९७४ मध्ये तिथल्या सरकारने कुटुंबनियोजनाचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि डेपो-प्रोव्हेराचे इंजेक्शन काळ्या बायकांना मोठ्या प्रमाणावर दिले गेले. अशाच इंजेक्शनांविरुद्ध, नेट-एनविरुद्ध, आपल्याकडच्या स्त्री-संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. गर्भावर ताबा मिळवणे हे वेगळे ठेवण्याच्या राजकारणाचे जुने हत्यार आहे. चित्रपटाने ते हत्यार दाखवले आणि ज्या शरीरावर ते चालले ते शरीर मात्र पुसून टाकले. अंडी आहेत, अंडी घालणारी कोणी नाही!

काही मैत्रिणी म्हणतात, अगं, ती परग्रहावरची गोष्ट आहे, तिच्यात बाई कशाला शोधतेस? मी म्हणते, निव्वळ करमणूक म्हणून आली असती तर कदाचित नसती शोधली. पण हा चित्रपट करमणुकीचा चेहरा घेऊन येत नाही. तो हलता कॅमेरा, पडद्यावरच्या पट्ट्या, तज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन येतो. म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. शिवाय त्याच्यातले बरेच काही खरोखरच खरे आहे. तो सोवेटोतल्या चियावेलो भागात, लोकांना दुसरीकडे हलवले जात होते अशा खऱ्या झोपड्यांत चित्रित झाला. त्याआधी २००५ मध्ये याच दिग्दर्शकाने 'अलाइव्ह इन जोबर्ग' हा लघुपट केला होता. त्यात रस्त्यावरच्या लोकांना प्रश्न विचारले होते ते नायजेरिया, झिंबाब्वेहून आलेल्या माणसांविषयी. त्यांची खरीखुरी उत्तरे पडद्यावर परग्रहवासीयांबद्दलची म्हणून लावली. ती ऐकताना अंगावर काटा येतो, कारण द्वेष खोटा नाही. मे २००८ मध्ये, याच चित्रपटाच्या काळात, तिथे परदेशी काळ्यांवर हल्ले झाले, साठहून जास्त माणसे मारली गेली, हजारो बेघर झाली.

आणि तरी या चित्रपटाने काय केले? नायजेरियन माणसे दाखवली ती गुंड, परग्रहवासीयांचे मांस खाणारी, शस्त्रांचा काळाबाजार करणारी अशी. टोळीच्या म्होरक्याचे नावही नायजेरियाच्या माजी अध्यक्षांच्या नावाशी जुळणारे. सप्टेंबर २००९ मध्ये नायजेरियाच्या तेव्हाच्या माहितीमंत्री डोरा अकुन्यिली यांनी जाहीर निषेध केला आणि चित्रपटगृहांना तो दाखवू नका म्हणून सांगितले. बंदीने काही साधत नाही असे माझे मत आहे. पण त्यांचा राग मला पटतो. परग्रहवासीयाचे दुःख समजून घ्या असे सांगणारा चित्रपट शेजारच्या माणसाला राक्षस करतो, तेव्हा त्याची सहानुभूती कितपत खोल आहे हे कळते.

सहानुभूतीचे आणखी एक कोडे आहे. आपल्याला कळवळा येतो तो विकसचा हात बदलू लागल्यावर, तो स्वतः 'कोळंबी' होऊ लागल्यावर. म्हणजे वीस वर्षे कुंपणाआड असलेल्या लाखोंचे दुःख पुरेसे नव्हते, एका गोऱ्या पुरुषाच्या अंगावर ते यावे लागले. पीडितेचे म्हणणे तिच्या तोंडून ऐकायचे नाही, कोणा प्रतिष्ठिताने 'मला पटले' म्हटले की खरे मानायचे, ही रीत आपण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात पुरेशी पाहिली आहे.

कॅमेरा कोणाच्या हातात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. १९७४ चा 'लास्ट ग्रेव्ह ॲट डिंबाझा' हा अनुबोधपट त्या राजवटीत चोरून चित्रित करावा लागला आणि चित्रफीत गुपचूप देशाबाहेर न्यावी लागली. हलवून टाकलेल्या लोकांच्या वस्तीत लहान मुले कशी मरत होती ते त्यामुळे जगाला दिसले. डेबोरा मे यांच्या १९८१ च्या 'यू हॅव स्ट्रक अ रॉक' या अनुबोधपटात पासविरुद्ध लढलेल्या बायका स्वतः बोलतात. हे चित्रपट आपल्यातल्या किती जणींनी पाहिले आहेत? खोटा अनुबोधपट घरोघर पोचला आणि खरे कपाटात राहिले, याचा दोष एकट्या ब्लोमकँपला देता येणार नाही. काय दाखवायचे हे आपल्या शिबिरांत आपणच ठरवतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. 'डिस्ट्रिक्ट ९' जरूर दाखवा. पण एकटा दाखवू नका. आधी डिस्ट्रिक्ट सिक्स आणि क्रॉसरोड्सची हकिगत सांगा. मग चित्रपट लावा आणि बायकांना तीन प्रश्न विचारा. नोटीस कोणाच्या नावाने निघाली? घर कोणी उभे केले होते? पाडायला आले तेव्हा दारात कोण होते? ज्या बायकांनी स्वतःची झोपडी जमीनदोस्त होताना पाहिली आहे, त्यांना उत्तर द्यायला पडद्याकडे बघावे लागणार नाही.

पास कायदा १९८६ मध्ये गेला, ग्रुप एरियाज कायदा १९९१ मध्ये. ते कोणा कारकुनाला उपरती झाली म्हणून गेले नाहीत. वर्षानुवर्षे लोक लढले म्हणून गेले, आणि त्या लोकांत बायका होत्या. त्यांना वगळून सांगितलेली वर्णभेदाची कहाणी, ती कितीही खरी भासो, अर्धीच आहे.