बरगडी स्वतःची असली, तरी फुकट नसते

"कार्टिलेज तुमच्याच शरीरातले, मग धोका कसला?" नाकाची ठेवण बदलणाऱ्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत हल्ली या अर्थाचे वाक्य हमखास असते. बरगडीची कूर्चा काढून नाकात बसवायची, नाक कायमचे धारदार होणार, आणि सगळे कसे 'नैसर्गिक'! हे वाक्य खोटे नाही. ते अर्धे आहे. लग्नाच्या तारखेआधी घाईघाईने 'फिटनेस' घ्यायला येणाऱ्या तरुण मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना उरलेला अर्धा भाग कुणीतरी सांगायला हवा, म्हणून हा लेख.

आधी शस्त्रक्रिया समजून घेऊ

नाकाचा वरचा भाग हाडाचा आणि खालचा भाग कूर्चेचा म्हणजे कार्टिलेजचा असतो. दोन नाकपुड्यांमधला पडदा हा या तंबूचा खांब. नाकाला उंची द्यायची, टोक उचलायचे किंवा बसलेला भाग उभा करायचा, तर आधाराला कूर्चा लागते. सर्जनची पहिली पसंती याच पडद्यातल्या कूर्चेला असते, कारण ती तिथल्या तिथे मिळते आणि वेगळा छेद द्यावा लागत नाही. दुसरी जागा कानाच्या वाटीची. पण ती कूर्चा मऊ आणि बाकदार असते, मोठा भार पेलत नाही. या दोन्हींनी काम भागणार नसेल, तेव्हा बरगडीचा विचार होतो.

बरगड्या पुढच्या बाजूला छातीच्या मधल्या हाडाकडे येताना कूर्चेच्या होतात. बहुधा सहाव्या किंवा सातव्या बरगडीचा हा भाग काही सेंटिमीटरच्या छेदातून काढतात. स्त्रियांमध्ये हा छेद स्तनाखालच्या घडीत घेतात, म्हणजे व्रण झाकला जातो. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि काही तास चालते. म्हणजे नाकाच्या एका शस्त्रक्रियेत प्रत्यक्षात दोन शस्त्रक्रिया असतात: एक नाकावर, एक छातीवर. जाहिरातीत दिसते फक्त नाक.

ज्यांना हिची खरी गरज आहे

अपघातात नाक चेपलेले, पडद्यात पू होऊन कूर्चा विरघळलेली, कुष्ठरोगात नाकाचा पूल खचलेला, जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेले असल्याने नाक एका बाजूला ओढलेले, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत पडद्याची कूर्चा संपलेली: अशा रुग्णांसाठी बरगडीची कूर्चा हे वरदान आहे. त्यांच्यातल्या अनेकांचा श्वासही अडकलेला असतो. काही जणांच्या पडद्यात मुळातच कूर्चा कमी असते. त्यांना पहिल्याच वेळी बरगडी घेणे योग्य ठरू शकते. सिलिकॉनच्या तुलनेत स्वतःच्या कूर्चेत जंतुसंसर्ग होण्याची किंवा ती कातडीतून बाहेर येण्याची शक्यता कमी असते, हेही खरे.

नाक पुन्हा उभे करण्याच्या या विद्येशी आपले नाते जुने आहे. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिगत छापून आली. इंग्रज सैन्याबरोबर असलेला हा माणूस 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका वीट घडवणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्यावरूनच स्फूर्ती घेऊन 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी सैनिकांचे उद्ध्वस्त चेहरे उभे करताना बरगडीची कूर्चा वापरली. या परंपरेचे काम गमावलेले परत देणे हे होते. आज तीच विद्या 'वेडिंग पॅकेज'मध्ये विकली जाते, तेव्हा मला त्रास होतो.

न सांगितलेली किंमत

बरगडीच्या आतल्या बाजूला फुप्फुसाचे पातळ आवरण असते. कूर्चा काढताना त्याला छिद्र पडले, तर छातीत हवा भरू शकते. अनुभवी सर्जन टाके घालण्याआधी जखमेत सलाईन ओततो, भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतो आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. ही गुंतागुंत क्वचित होते, पण होते. छातीची जखम बरेच दिवस दुखते. खोकताना, हसताना, कुशीवर वळताना जाणवते. व्रण कायमचा राहतो आणि काहींचा जाड, उचललेला होतो.

दुसरी अडचण या कूर्चेच्या स्वभावात आहे. बरगडीच्या कूर्चेत आतल्या आत ताण असतो. कोरल्यावर ती वाकू पाहते, ओले लाकूड वाळताना वाकते तशी. 1958 मध्ये गिब्सन आणि डेव्हिस यांनी दाखवून दिले की दोन्ही बाजूंनी समतोल कोरली तर हे वाकणे कमी होते. कमी होते, संपत नाही. नाक काही महिन्यांनी वाकडे दिसू लागणे, कूर्चा थोडी झिजणे, संसर्ग होणे, नाकाचा पूल ताठ लागणे, हे सगळे संभवते. वय वाढते तशी ही कूर्चा कठीण होत जाते आणि कोरायला अवघड जाते. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. महिनाभरानंतरच्या लग्नातले फोटो म्हणजे निकाल नव्हे.

"कुशल हातांत धोका कमी असतो, मग हरकत काय?"

मान्य, धोका कमी असतो. पण धोका कधीच एकटा मोजायचा नसतो, तो फायद्यासमोर ठेवून मोजायचा असतो. श्वास अडकलेल्या, नाक खचलेल्या माणसाने हजारात काही जणांना होणारी गुंतागुंत पत्करणे शहाणपणाचे आहे. नाक उत्तम चालते, फक्त ते चाफेकळी नाही, अशा एकवीस वर्षांच्या मुलीने तोच धोका पत्करताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे तिला कळलेच पाहिजे. शिवाय बरगडी ही गंगाजळी आहे. पुढे कधी अपघात झाला, नाक खचले, तर हीच कूर्चा लागणार. हौसेसाठी ती आधी मोडायची का, हा प्रश्न किती जणांना विचारला जातो?

"शरीर तिचे, निर्णय तिचा" हेही मला मान्य आहे. प्रौढ व्यक्तीने पूर्ण माहिती घेऊन सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया केली, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझा आक्षेप अर्धी माहिती देऊन मिळवलेल्या होकारावर आहे. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने" असे हसत हसत म्हणणाऱ्या समाजात होकार किती मोकळा असतो, हेही आपण जाणतोच. स्थळ पाहायला आलेल्यांनी नाक मुरडले, म्हणून मुलीने छाती चिरून घ्यायची?

त्यात सेल्फीची भर. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवले गेले की सुमारे 12 इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक जवळपास 30 टक्के रुंद भासते. म्हणजे काही जण कॅमेऱ्याचा दोष स्वतःच्या नाकातून काढायला निघालेले असतात. आणि लहानशा किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषाने ज्यांचे दिवसच्या दिवस व्यापलेले असतात, त्यांना बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. त्यावर उपचार मनोविकारतज्ज्ञाकडे आहे. शस्त्रक्रियेने त्यांचे समाधान बहुधा होतच नाही.

याची झळ खऱ्या रुग्णाला

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याचा थेट धोका टाळण्यासाठी आवश्यक असलेली शस्त्रक्रिया मात्र वगळलेली नसते. जीएसटीच्या नियमांतही जन्मजात दोष आणि इजा यांवरच्या शस्त्रक्रियेला वेगळे मानले आहे. कायद्याला कळलेला हा फरक बाजाराने पुसून टाकला, की दुभंगलेल्या ओठाच्या किंवा खचलेल्या नाकाच्या रुग्णाकडेही 'नटायला निघालाय' अशा नजरेने पाहिले जाते. अशा रुग्णांनी श्वासाचा त्रास, तपासण्या आणि इजेचा इतिहास डॉक्टरांकडून कागदावर स्पष्ट लिहून घ्यावा.

होकार देण्याआधी हे विचारा

- माझ्या पडद्यातली किंवा कानातली कूर्चा का पुरणार नाही?
- सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, की कान-नाक-घसा विभागात एमएस? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का? बरगडीच्या किती शस्त्रक्रिया केल्या?
- छातीत हवा भरली, तर त्याच रुग्णालयात उपचाराची सोय आहे का?
- नाक वाकडे झाले, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा?
- शस्त्रक्रियेनंतर श्वास सुधारेल, तसाच राहील की बिघडेल?

तंबाखू आणि सिगारेट शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद हवी. आणि एक लक्षात ठेवा: रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे ठीक आहे म्हणून मी दिलेला 'फिटनेस' एवढेच सांगतो की तुम्ही भूल सोसू शकाल. शस्त्रक्रिया गरजेची आहे असे तो सांगत नाही.

शेवटी घरोघरी उपयोगी पडेल अशी गोष्ट. चेंडू लागून किंवा पडून मुलाच्या नाकाला मार बसला आणि नाक आतून सुजून चोंदले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पडद्यात साठलेले रक्त वेळीच काढले नाही, तर कूर्चा काही दिवसांत मरते आणि पुढे नाक खचते. त्या दिवशीच्या एका फेरीने मुलाची बरगडी जागच्या जागी राहू शकते.