छंदघर : बिनइंजिनाचे विमान

मुलांना रिमोटचे ग्लायडर हवे असेल, तर आम्ही म्हणू, महागडे नको. साधे, फोमचे, दीड-दोन मीटर पंखांचे घ्या.

उडवण्याआधी तोल पाहा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश रुंदीवर बोटांनी उचलले, की ते सपाट राहावे. शेपटी खाली गेली तर नाकात वजन घाला. शेपटीजड ग्लायडर पहिल्याच फेकीत मोडते, आणि मुलाची उमेदही.

मंद वाऱ्यात, माणसांपासून दूर, गवतावर, वाऱ्याकडे तोंड करून सपाट फेका. ते आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटते. तेव्हा झुकलेल्या पंखाच्या बाजूलाच रिमोटची काडी ढकला.

पुढचा धडा घारीकडून घ्या. ती पंख न हलवता जिथे घिरट्या घालत वर चढते, तिथे गरम हवा वर जात असते.