सहीला माणूस कुठून आणू?

गेल्या महिन्यात विहारातील रविवारची वंदना आटोपली आणि वस्तीतील एक ताई कागदांची पिशवी घेऊन आमच्यापुढे बसल्या. नवरा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. ताई चार घरची धुणीभांडी करून दोन लेकरे शिकवतात. आठवीतल्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज खिडकीवरून परत आला होता. कारण काय, तर वडिलांची सही नाही. ताई म्हणाल्या, "दादा, सहीला माणूस कुठून आणू?"

आम्ही अर्ज पाहिला. त्यावर छापले होते 'पालकाची सही'. खिडकीवरच्या माणसाने वाचले 'वडिलांची'. रागावणार तरी कोणावर? आम्हीही कारकूनच. वीस वर्षे खिडकीच्या आत बसलो आहोत. "जा, वडिलांना घेऊन ये," असे आम्ही स्वतः किती लेकरांना सांगितले असेल, त्याची मोजदाद नाही.

एकट्या बाईचे घर म्हणजे मोडके घर, ही समजूत फक्त आपल्या वस्तीतली नाही. शिकलेल्या पंडितांनीही ती मांडली आहे. अमेरिकेत 1965 साली मॉयनिहन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने काळ्या लोकांच्या कुटुंबांवर एक अहवाल लिहिला. गुलामगिरी आणि बेकारी यांनी घरे मोडली, हे त्याने मान्य केले. पण जोर दिला तो बाईच्या हाती चाललेल्या घरांतील दोषांवर. लोकांच्या ध्यानात तेवढेच राहिले. 1971 मध्ये विल्यम रायन या मानसशास्त्रज्ञाने त्याला पुस्तकातून उत्तर दिले. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दोषी धरण्याची ही रीत आहे, असे त्याचे म्हणणे. ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको!

1974 मध्ये कॅरोल स्टॅक या बाईंचे पुस्तक आले. त्या गरीब काळ्या वस्तीत जाऊन राहिल्या होत्या. त्यांना दिसले की मोडकी म्हणून हिणवलेली ही घरे आत्या, मावशी, आजी, शेजारीण अशा पुष्कळ हातांवर उभी आहेत. आज हिने तिचे मूल सांभाळायचे, उद्या तिने हिला पैसे द्यायचे. आपल्या चाळीत वेगळे काय चालते? भीमाबाई गेल्या तेव्हा बाबासाहेब जेमतेम पाच वर्षांचे होते. त्यांना आत्या मीराबाईंनी वाढवले. त्या घराला मोडके म्हणायची कोणाची छाती आहे?

मग लेकरांचे हाल होतात ते कशाने? संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या 2019 च्या अहवालात भारताचे आकडे आहेत. शंभरातील साडेचार घरे एकट्या आईची, म्हणजे सुमारे 1 कोटी 30 लाख. त्यांतील 38 टक्के घरे गरिबीत. आईबाप दोघे असलेल्या घरांत हेच प्रमाण 22.6 टक्के. वाणिज्य शाखेचे शिक्षण झाल्याने आम्ही आधी जमाखर्चच पाहतो. कमावणारे हात दोनाचे एक झाले, आणि त्या एका हाताला मजुरीही कमी.

कायदा मात्र पुढे सरकला आहे. अल्पवयीनांच्या पालकत्वाचा 1956 चा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यात आधी वडील, त्यांच्या 'नंतर' आई. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'नंतर' म्हणजे वडील वारल्यानंतरच असे नव्हे. बाप लेकराकडे पाहतच नसेल तर आईच पालक. महाराष्ट्रात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे नाव लागते.

बालसंगोपन योजनेचे पैसे 2023 पासून दरमहा 2,250 रुपये झाले आहेत. एकच पालक असलेल्या लेकरांनाही ती मिळू शकते. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी. जाताना झेरॉक्सचे दोन संच न्यावेत, नाहीतर दिवस फुकट जातो.

मंगळवारी अर्धी रजा टाकून आम्ही ताईंबरोबर गेलो. 'पालक' या शब्दावर बोट ठेवले. खिडकीवरच्या गृहस्थांनी चष्मा लावून तो पुन्हा वाचला आणि अर्ज ठेवून घेतला. ताईंनी सही केली, पण हात इतका थरथरत होता की अक्षर कागदाबाहेर गेले.

आता मुलीच्या जातीच्या दाखल्याचे काम उरले आहे. त्याला वडिलांकडचे कागद लागतात आणि ते दिरांच्या पेटीत आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर चारपाच जण मिळून त्यांच्याकडे जाणार आहोत.