निवड आपली, जबाबही आपलाच

गेल्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. नांदेडचाच. अब्बांचा इंतकाल झालेला, अम्मी शिलाईवर घर चालवते. दोन वर्षे लातूरला राहून त्याने 'नीट'ची तयारी केली, पण गुण कमी पडले. अम्मी म्हणते, आणखी एक वर्ष लातूरला काढ. याला वाटते, नांदेडातच बी.एस्सी.ला प्रवेश घ्यावा, शिकवण्या कराव्यात, अम्मीचा भार हलका करावा. "सर, तुम्हीच सांगा. नाहीतर नशिबात असेल ते होईल," तो म्हणाला.

आम्हाला झां-पॉल सार्त्र आठवला. या फ्रेंच विचारवंताने २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिले. अस्तित्ववादावर कम्युनिस्ट आणि कॅथलिक असे दोघेही तुटून पडले होते, त्यांना ते उत्तर होते. त्यात एका विद्यार्थ्याची हकीकत आहे. थोरला भाऊ युद्धात मारला गेलेला, आईला आता याचाच आधार. लढायला जावे की आईजवळ राहावे? सार्त्रने त्याला सांगितले, तू मोकळा आहेस, निवड तूच कर.

या विचाराचे नाव काढले की आपल्या घरांतही आक्षेप येतात. पहिला, हा नास्तिकांचा विचार. सार्त्र नास्तिक होता हे खरे. माणसाला घडवणारा कोणी नाही, म्हणून त्याच्या जगण्याचा हेतू आधी ठरलेला नाही, असे तो म्हणे. हे आम्हाला कबूल नाही. पण या विचाराचा आद्य पुरुष मानला जाणारा डेन्मार्कचा किर्केगार्ड (१८१३–१८५५) श्रद्धावान ख्रिस्ती होता. त्याचे १८४३ चे 'भय आणि कंप' हे पुस्तक हजरत इब्राहीम (अ.स.) यांच्या कुर्बानीच्या परीक्षेभोवतीच फिरते. बायबलप्रमाणे तो पुत्र इसहाक मानतो, आपण इस्माईल मानतो. पण रब समोर माणूस एकटा उभा असतो आणि त्याच्या वतीने दुसरा कोणी निर्णय घेऊ शकत नाही, हे सांगणे आपल्याला परके का वाटावे? कयामतच्या दिवशी प्रत्येकाला आपापलाच हिशेब द्यायचा आहे.

दुसरा आक्षेप, यात निराशाच आहे. आम्हाला उलटे वाटते. 'नशिबात नव्हते' म्हणून हात झटकणे हीच खरी निराशा. उंट आधी बांध, मग तवक्कुल कर, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतोच ना? तकदीरवर ईमान म्हणजे प्रयत्नांना सुट्टी नव्हे.

तिसरा आक्षेप, मनाला येईल तसे वागायची ही मुभा आहे. सार्त्र तर म्हणतो की स्वतःसाठी निवड करताना माणूस साऱ्या माणसांसाठी निवड करत असतो. 'मी केले तेच सगळ्यांनी केले तर?' हा प्रश्न ज्याने मनाला विचारला, तो मनमानी कशी करील?

एका ठिकाणी मात्र आमचे या मंडळींशी जुळत नाही. किर्केगार्डचा इब्राहीम मुलाला काही सांगू शकत नाही, तो गप्प राहतो. कुरआनातले इब्राहीम (अ.स.) मुलाला स्वप्न सांगतात आणि विचारतात, तुझे मत काय? एवढ्या मोठ्या परीक्षेतही मशवरा सुटलेला नाही. निवड आपली असली तरी ती घरच्यांपासून लपवायची नसते.

म्हणून आम्ही त्या मुलाला उत्तर दिले नाही. विचारले, "तुझ्या मनातले अम्मीला सांगितलेस का?" तो गप्प. दोन वर्षांत अम्मीने विचारले नव्हते, यानेही सांगितले नव्हते. "इस्तिखारा कर, अम्मीजवळ बस, मग ठरव. पण ठरव तू," एवढेच आम्ही म्हणालो.

आठवड्याने तो आला. नांदेडातच प्रवेश घेतला होता. अम्मी आधी रडली, मग म्हणाली, "तुला डॉक्टर व्हायचंय असंच मला वाटत होतं." निर्णय बरोबर की चूक, अल्लाह जाणे. पण या वेळी नशिबाचे नाव त्याच्या तोंडी नव्हते.

आपल्या घरात दहावी-बारावीचे मूल असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा, तुझे मत काय?