‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणजे नेमके कोणाच्या शब्दांत?

प्राथमिक शाळेच्या पुस्तकात ‘तुमच्या शब्दांत सांगा’ हा प्रश्न हमखास भेटतो. वर्गात प्रत्यक्षात होते काय? बाई फळ्यावर उत्तर लिहितात, मुले ते वहीत उतरवतात आणि परीक्षेत तेच जसेच्या तसे आले की पूर्ण गुण. शब्द गाईडचे, नाव मुलांचे! आम्ही याला शिक्षण म्हणत नाही. ही घोकंपट्टी आहे.

अर्थ विचारायचा नाही, फक्त पाठ करायचे, ही रीत ज्या व्यवस्थेने जपली तिनेच शूद्र-अतिशूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञानापासून दूर ठेवले. आपली परंपरा वेगळी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन भिक्खू बुद्धवचन छंदसमध्ये बसवण्याची परवानगी मागतात. तथागत ती नाकारतात आणि ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा देतात. अनेक अभ्यासक याचा अर्थ ‘आपापल्या बोलीत’ असा करतात. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतलीच विद्यार्थिनी. तिने कोणाचे उत्तर उतरवून घेतले नव्हते.

मग मुलांना हे शिकवायचे कसे? एक वाक्य घेऊ : ‘२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन आपला हक्क बजावला.’

एक मूल ‘नेतृत्वाखाली’ खोडून ‘पुढाकाराने’ लिहील आणि बाकी वाक्य तसेच ठेवील. ही नक्कल झाली, शब्द तेवढा बदलला. दुसरे लिहील, ‘बाबासाहेबांनी लोकांना तळ्याचे पाणी दिले.’ शब्द स्वतःचे आहेत, पण अर्थ उलटला. पाणी कोणी दिले नव्हते, लोकांनी ते स्वतः घेतले होते. तिसरे लिहील, ‘लोकांना पाणी प्यायची परवानगी मिळाली.’ इथे हक्काची परवानगी झाली! तिघांनाही एकच विचारावे : कोणी केले? काय केले? कशासाठी केले? ही तीन उत्तरे मूळ वाक्याशी जुळली की पुनर्कथन बरोबर.

रीत सोपी आहे. उतारा दोनदा वाचायचा. पुस्तक मिटायचे. शेजारच्या मुलाला तोंडी सांगायचे. मग लिहायचे. शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहायचे, काय सुटले आणि आपण पदरचे काय घातले? नावे, साल आणि ‘हक्क’सारखे शब्द बदलायचे नाहीत. त्यांना पर्याय शोधायला गेले की अर्थ निसटतो.

यात एक अडचण नेहमी येते. वस्तीतले, तांड्यावरचे मूल घरच्या बोलीत सांगते आणि ‘अशुद्ध’ म्हणून त्याला तिथेच अडवले जाते. ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही, फळ्यावरचेच उतरवते. आधी अर्थाला गुण द्या, प्रमाणभाषा नंतर शिकवा. ती शिकवायलाच हवी, कारण अर्ज, निवेदन आणि स्पर्धा परीक्षा त्याच भाषेत आहेत. पण बोली मारून ती येणार नाही.

हा प्रश्न फक्त लहान मुलांचा आहे का? आपल्या व्हॉट्सॲप गटांत बाबासाहेबांच्या नावावर काय काय फिरते ते पाहा. कोणीतरी आपल्या समजुतीचे वाक्य लिहितो, त्याला अवतरणचिन्हे लावतो, खाली बाबासाहेबांचे नाव टाकतो आणि आपण ते पुढे ढकलतो. बाबासाहेबांचा विचार आपल्या शब्दांत मांडणे हे आपले काम आहे. आपले शब्द त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. हा फरक चौथीत कळला असता तर चाळिशीत शिकवावा लागला नसता.

म्हणून तरुण मित्रांनो, वस्तीतल्या विहारात रविवारी एक तास मुलांसाठी काढा. शाळेच्या परिपाठात ती संविधानाची प्रास्ताविका तोंडपाठ म्हणतात. त्यांना एवढेच विचारा, ‘बंधुता म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग.’ आणि मूल बोलू लागले की मध्ये बोलू नका.

जयभीम!