भाव करावा, पण…

भाव करणे हा आम्हां मध्यमवर्गीयांचा कुळाचार आहे. कोथिंबिरीची जुडी घेताना जो "एवढी महाग?" असे म्हणत नाही, त्याला घरी गेल्यावर तेच वाक्य ऐकून घ्यावे लागते. मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात शब्दांचे मोल सांगतो आणि मंडईत शब्दांनी मोल पाडतो. ही विद्या मी आईकडून घेतली. पहिला भाव ऐकला की चेहरा पाडायचा, निम्म्याने मागायचे, चार पावले पुढे चालून दाखवायची आणि मागून हाक आली की वळायचे. यात भाजीवालीला राग येत नाही आणि आम्हांला लाज वाटत नाही. दोघेही समोरासमोर असतात, एकमेकांचे डोळे वाचत असतात.

पंचाईत झाली ती ही चार पावले मोबाइलवर चालून दाखवायची वेळ आली तेव्हा.

खोडदला आमचे घर आहे. शेतापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या दिसतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीच्या एकंदर ३० थाळ्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! आकाशातून येणारी क्षीण कुजबुज ऐकत त्या रात्रंदिवस उभ्या असतात. गेल्या मे महिन्यात घराला रंग दिला, आणि पडवीची एक भिंत फारच ओकीबोकी दिसू लागली. तिथे वारली चित्र लावावे असे ठरले. मोबाइलवर शोधता शोधता डहाणूकडच्या एका तरुण चित्रकाराचे चित्र सापडले. मधोमध तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती गोल गोल फिरत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. मी किंमत विचारली. उत्तर आले, "सहा हजार, सर."

माझ्या अंगातली मंडई जागी झाली. मी लिहिले, "अडीच हजार. फायनल." तिकडून काहीच उत्तर नाही. तेव्हा मी दुसऱ्या एका दुकानातल्या छापील चित्राचा फोटो पाठवून दिला आणि खाली लिहिले, "हे चारशेला मिळते. तरी तुमच्यासाठी चार हजारांपर्यंत येतो." म्हणजे पाहा, उपकारसुद्धा मीच करीत होतो!

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. "चार हजारांत होईल सर. कागद लहान घेतो. माणसं कमी होतील."

मला हसू आले. पडवीत तात्या, म्हणजे माझे वडील, सुपारी कातरत बसले होते. त्यांना मी ते मोठ्याने वाचून दाखवले. तात्या हसले नाहीत. अडकित्ता थांबवून म्हणाले, "बरोबर बोलला तो. फडवाले असंच सांगायचे."

खोडदच्या पश्चिमेला नारायणगाव. विठाबाई नारायणगावकरांचे गाव; १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि जत्रेसाठी तमाशा ठरवायला गावोगावची मंडळी येतात. त्याला सुपारी देणे म्हणतात. कलेचा भाव भर रस्त्यावर कसा करतात हे ज्याला पाहायचे असेल, त्याने चैत्रात तिथे एक चक्कर टाकावी.

"मामाबरोबर मी एकदा सुपारी द्यायला गेलो होतो," तात्या सांगू लागले. ही गोष्ट १९७२ च्या दुष्काळाच्या आधीची. तात्या तेव्हा विशीत होते. "मामा घासाघिशीत पक्का. दोन तास बसला. चहा झाला, पान झालं. फडवाला म्हणाला, एवढ्यात येतो, पण गडी कमी आणीन. मग मामा थोडा चढला, तो थोडा उतरला. इसार दिला. जत्रेच्या रात्री वग रंगात आला आणि वळवाचा पाऊस कोसळला. खेळ अर्ध्यावर मोडला. सकाळी पंच म्हणाले, अर्धा खेळ, अर्धे पैसे. मामा उठला आणि म्हणाला, पाऊस काय फडानं आणला होता? इसार दिला तेव्हाच भाव संपला. आणि त्यानं राहिलेले सगळे पैसे मोजायला लावले. वर फडाला जेवण घातलं."

थोडे थांबून तात्यांनी विचारले, "तू त्याला इसार पाठवलास का रे?"

"नाही. आधी भाव तर ठरू दे."

"आणि ते छापील चित्र कशाला दाखवलंस? मामानं कधी फडवाल्याला सांगितलं नाही, की रेकॉर्डवर लावणी फुकट ऐकायला मिळते."

मी गप्प बसलो. समोरच्या थाळ्या पार आकाशगंगेपलीकडचे ऐकत होत्या, आणि मला डहाणूच्या माणसाचे गप्प राहणे ऐकू आले नव्हते.

वारली चित्र हा मुळात बाजारचा मालच नव्हे. लग्नघरी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. ही चित्रे कागदावर उतरली ती १९७० नंतरच्या दशकात, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांच्या हातून. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. भिंतीवरच्या चौकाला बाजारभाव नव्हता. म्हणून कागदावरच्या चित्राला आपण मागू तो भाव, असे आम्ही शहाणे समजतो. शिवाय आमचे शौर्यही जागा पाहून उफाळते. पुढे त्याच चित्राला काचेची चौकट करायला गेलो, तेव्हा दुकानात पाटी होती, 'एकच भाव'. मी निमूटपणे अठराशे रुपये मोजले. काच आणि लाकूड यांच्याशी घासाघीस करण्याची माझी छाती झाली नाही. ती केली माणसाशी.

तेव्हा वाचकहो, भाव करूच नये असे मी म्हणत नाही. मामाही करीत असे. पण घ्यायचे नसेल तर किंमत विचारून कुणाला झुलवू नये. हाताच्या कामाशेजारी छापील काम ठेवू नये. ऐपत कमी असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि लहान चित्र मागावे. स्वस्त मागू नये. टपालखर्च कुणी सोसायचा ते आधीच ठरवावे. भाव ठरला की इसार द्यावा आणि मग तोंड मिटावे. चित्र तयार झाल्यावर "आता थोडे कमी करा" म्हणणे म्हणजे पावसाचे पैसे फडाकडून कापणे. आणि नको असेल तर "नको" असे दोन अक्षरांत कळवावे. समोरचा माणूस वाट पाहत असतो.

मी त्याच दुपारी लिहिले, "सहा हजारच. मोठाच कागद घ्या. छापील चित्राचा फोटो पाठवला ती माझी चूक झाली. निम्मे पैसे आत्ता पाठवतो." पैसे पाठवले. उत्तर आले, "चालेल सर. घर कुठं आहे?" मी शेताचा फोटो पाठवला.

तीन आठवड्यांनी चित्र आले. गेरूच्या रंगावर पांढरी माणसे. तात्यांनी चष्मा लावून ती मोजली. चौसष्ट भरली. एका कोपऱ्यात, झाडाच्या बाजूला, एक थाळी होती, आकाशाकडे तोंड केलेली. ती काही आमच्या सौद्यात नव्हती.

"दौलतजादा," तात्या म्हणाले, "या खेपेला त्यानं उधळलाय."

उरलेले पैसे मी तत्क्षणी पाठवले. यंदाच्या दिवाळीत पणत्या त्या भिंतीखाली लागतील. पाडव्याला तात्यांसमोर काय ठेवावे हा प्रश्न नेहमीचा. औंदा मात्र त्यांनीच मला ओवाळणी आधी घालून ठेवली आहे.