राजाबाई टॉवर आणि आमचं सुपं

मागच्या महिन्यात ऑफिसातले सात-आठ जण मुंबईला हेरिटेज वॉकला गेलो होतो. राजाबाई टॉवरसमोर गाइडने झकास माहिती दिली. बांधकाम १८६९ ते १८७८, कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांची देणगी, त्यांच्या आईचं नाव... २०१८ पासून हा परिसर युनेस्कोच्या यादीत. सगळे माना वर करून फोटो काढत होते, तेवढ्यात एकाने मला टोमणा मारला, "तुमच्या सुप्यात काय आहे रे असलं?"

तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो आज बाहेर काढतोय. अरे बाबा, याच टॉवरच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सुप्यात आहे!

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. व्यापाऱ्याकडून शहरातल्या सावकाराकडे, तिथून गावच्या सावकाराकडे असं करत तो शेतकऱ्याच्या हातात आला. अर्थात कर्ज म्हणून. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, खुद्द प्रेमचंदशेठ बुडाले. (त्यांनी सुप्याला लुटलं असं मी म्हणत नाही. तेजी एकच होती, एवढंच.) सावकारांनी हात आखडता घेतला आणि नेमका त्याच सुमारास सरकारने शेतसारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढवला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचं खत तीनच वर्षं चालणार. हेतू चांगला, व्याज साचू नये. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत, नवा अंगठा. ईएमआयवाल्यांनो, नुसती कल्पना करा!

१२ मे १८७५ ला आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारात जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि खतं मागितली आणि जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरंही पेटवली, ते झाकायचं कारण नाही. पण मुख्य राग कागदावर. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांना डेटाबेसच उडवायचा होता. लोण पुणे-नगरकडच्या तीसहून जास्त गावांत पोचलं. चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल १८७८ ला ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला (हो, टॉवर पुरा झाला त्याच वर्षी!) आणि १८७९ च्या कायद्याने कोर्टाला खतामागचा खरा हिशोब तपासता येऊ लागला.

आणि आज? बाजारात मला तरी याची एक पाटी दिसलेली नाही. पुण्याहून लोक येतात ते मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला. गावात सांगतात ती शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर आणि संभाजी मोहित्यांची गोष्ट. ती सांगायलाच हवी, लहानपणी मीही ऐकून छाती फुगवलीय. पण गोष्ट तिथेच का संपते? १८७५ चे लोक काही बांधून गेले नाहीत म्हणून? वारसा म्हणजे फक्त उंच दगडी काम, हे आपल्याला कोणी शिकवलं?

एक मित्र म्हणाला, जुन्या जखमा उकरू नकोस, लोक गुजराती-मारवाडी विरुद्ध मराठी करून टाकतील. भीती खरी आहे. पण म्हणूनच तर नीट लिहायला हवं. पाटीवर शेतसारा आणि मुदतीचा कायदाही आला की सगळं खापर एका समाजावर फुटत नाही. आपण मूग गिळून बसलो तर पारावर अर्धवट व्हर्जनच फिरत राहणार.

असो. ग्रामपंचायतीसाठी अर्ज लिहिलाय. बाजारात एक पाटी, तारीख आणि चार ओळी. त्या दिवशी मुंबईत आम्ही जेवणावर उडवले तेवढ्यात होईल. मसुदा आजीला वाचून दाखवला. 'खत' म्हटलं की अजूनही तिचं तोंड वाकडं होतं. सगळं ऐकून तिने एकच दुरुस्ती सांगितली, "दंगा नको लिहू बाळा, उठाव लिही."